मुलाखत हेमंतची

पाकिटावर नाव हेमंतचं होतं.

पोस्टमन वाडकरांनी आमच्या क्वार्टरच्या कठड्याला सायकल टेकवली आणि दोन पाकिटं बाहेर काढली. "एक तुझं आहे, हेमा," ते म्हणाले. दुसऱ्यावरचं नाव त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचलं, माझ्याकडे न बघता दोन्ही पाकिटं पायरीवर ठेवली आणि सायकल हाताने ढकलत उतारावरून निघून गेले.

माझं पाकीट पातळ होतं. यंदा जागा मोजक्याच असल्याने तुम्हाला प्रवेश देता येत नाही, पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा. हेमंतचं पत्र हाताने लिहिलेलं होतं. "प्रिय हेमंत, तुझ्या वह्या आणि तुझा निबंध आम्ही वाचला. वीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता मुलाखतीला ये. सोबत घरचं कोणी आलं तर आनंदच आहे." खाली प्राचार्य जेरोम लोबो यांची सही होती.

आईने दोन्ही पत्रं चष्मा लावून वाचली आणि घड्या घालून परत पाकिटात ठेवली.

"त्याचं झालं," ती म्हणाली. "वीस तारखेला तू जाऊन ये."

"मी?"

"मग कोण जाणार?"

हेमंत माझा जुळा भाऊ. आम्ही सात वर्षांचे असताना शाळेतून येताना तो ओहोळात वाहून गेला. ही गोष्ट त्यानंतर अकरा वर्षांनी घडली.

आम्ही घाटाच्या पायथ्याशी एका पॉवरहाऊसच्या वसाहतीत राहत होतो. बाबा पूर्वी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. हेमंत गेला त्या वर्षी त्यांना तिथून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि ते तिथेच राहिले. आईने डी.एड. केलं होतं, पण नोकरी कधी केली नव्हती. हेमंतच्या तेराव्यानंतर तिने मला शाळेत पाठवायचं बंद केलं. "मी शिकवीन," म्हणाली. मुख्याध्यापक दोनदा घरी येऊन गेले. मग तेही यायचे थांबले.

सकाळी आठला आई माजघरात दोन चटया टाकायची. माझ्या चटईवर माझी वही, दुसरीवर हेमंतची. ती फळ्यावर गणित घालायची तेव्हा एकदा माझ्याकडे बघायची आणि एकदा त्या चटईकडे. मराठीचा उतारा सांगताना मधेच थांबायची, जणू तिकडून कोणीतरी हळू लिहितंय. जेवणं झाली की ती दोन तास झोपायची. चारला उठून दोन्ही वह्या तपासायला घ्यायची. आणि हेमंतची वही भरलेली असायची.

अक्षर डावीकडे कललेलं, टोकदार. हेमंत डावखुरा होता. पहिलीत असताना त्याचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं. ते दरवर्षी थोडं लहान झालं, नीट झालं, मुलं मोठी होताना होतं तसं. आई लाल पेनाने खाली लिहायची, "छान, हेमंत." कधी लिहायची, "हेमंत, घाई नको."

याबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. बोलण्याची सवयच गेली होती. आई बाबांशी कामापुरतं बोलायची आणि तेही त्यांच्याकडे न बघता.

दहावी आणि बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. पुढे काय, हा प्रश्न होता. मग बाबांनी स्टोअरमधून आणलेल्या एका वर्तमानपत्रात ती बातमी सापडली. दोन तासांवरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बंद पडलेल्या काजूच्या फॅक्टरीत, तीन वर्षांपूर्वी एक छोटं निवासी कॉलेज सुरू झालं होतं. पहिल्या वर्षी अकरा मुलं होती, आता चाळीस झाली होती आणि यंदा आणखी घेणार होते. इतिहास, गणित, भाषा, तत्त्वज्ञान, शेती, सगळं सगळ्यांनी शिकायचं. घरी शिकलेल्या मुलांचं स्वागत आहे, असं मुद्दाम लिहिलं होतं. गुणपत्रिका नसली तरी चालेल. तीन वर्षांच्या वह्या पाठवा आणि एक निबंध, विषय: ज्या दिवसाबद्दल तुम्ही कोणालाही सांगितलेलं नाही, असा एक दिवस.

आईने दोन अर्ज मागवले. दोन्ही तिनेच भरले. जन्मतारीख दोन्हीकडे एकच.

वीस तारखेला बाबा माझ्यासोबत निघाले. एसटी सकाळी सातची होती. घाट चढून गेल्यावर धुकं लागलं, एप्रिलमध्ये तिथे पहाटेचं धुकं असतं, पण त्या दिवशी नऊ वाजले तरी ते हटेना. बाबांनी हेमंतचं पत्र खिशातून काढलं आणि परत ठेवलं.

"तिथे गेल्यावर खरं काय ते सांगून टाक," ते म्हणाले. "म्हणावं, आई लिहिते त्या वह्या. तिला तेवढाच आधार आहे. घरी आल्यावर मात्र तिला काही बोलू नकोस."

"तुम्ही पाहिलंय तिला लिहिताना?"

"नाही. पण मग दुसरं कोण लिहिणार?"

मी खिडकीच्या काचेवर जमलेलं पाणी पुसत राहिले.

फॅक्टरीच्या फाटकावर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. "हेमंत परब ना?" त्याने विचारलं. बाबांनी काही बोलायच्या आत त्याने नाव लिहिलंसुद्धा, आणि आत जायला सांगितलं.

आत कोणी दिसत नव्हतं. मुलं सड्यावर कसलीतरी मोजणी करायला गेली होती. लांबच लांब पत्र्याच्या शेड होत्या. पूर्वी जिथे बायका रांगेने बसून काजू फोडायच्या, तिथे आता बाकं होती. भिंतींना अजून टरफलाच्या तेलाचा काळा रंग होता आणि उग्र जळका वास, घशात बसणारा. धुकं शेडच्या आतही आलं होतं.

एका शेडमध्ये टेबलाभोवती चार खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीसमोर पुठ्ठ्यावर नाव. तीन खुर्च्यांवर मुलं बसलेली होती, ती आपापसात हळू बोलत होती. चौथ्या खुर्चीसमोर लिहिलं होतं, हेमंत.

मला त्या खुर्चीवर बसवेना. मी भिंतीशी उभी राहिले. तिथलीच एक विद्यार्थिनी कोकम सरबताचे ग्लास घेऊन आली. तिने तिघांसमोर ग्लास ठेवले आणि चौथा रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

"तू हेमंतबरोबर आलीस का?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"कुठे गेला?"

"बाहेर आहे."

ते मी अगदी सहज म्हणाले. मी दाराकडे बघितलं. दाराबाहेर धुक्यात बाबा बाकावर बसले होते, एकटेच. त्यांच्या शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा त्यांनी सोडली होती. बाबा कुठेही असेच बसत. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

एकेक मुलगा आत जाऊन आला. शेवटी हाक आली, "हेमंत परब."

लोबो सरांची खोली म्हणजे फॅक्टरीचं जुनं ऑफिस. ते साठीचे, बारीक, अंगात खादीचा सदरा. टेबलावर दोन गठ्ठे होते. ते मी लगेच ओळखले. डावीकडे हेमंतच्या वह्या, उजवीकडे माझ्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मुलाच्या जागी मुलगी आली याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"बस," ते म्हणाले. "तू हेमांगी."

"हो सर. हेमंत माझा भाऊ. तो आता..."

"हयात नाही. तसा अंदाज होता मला. दोन अर्जांवर एकच जन्मतारीख, एकच पत्ता. एकाला दहावी-बारावीचे दाखले, दुसऱ्याला काहीच नाही." त्यांनी माझी एक वही उघडली. "तुझा निबंध मी दोनदा वाचला. धरणाच्या काठचे पक्षी. चुका नाहीत, भाषा स्वच्छ आहे. पण त्यात कोणी माणूसच नव्हतं. म्हणून नाही म्हटलं."

मी मान हलवली.

"हेमंतचा निबंध मला वाचायला वेळ लागला," ते म्हणाले. "वाचून झाल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कोण लिहितंय हे मला बघायचं होतं, म्हणून त्याच्या नावाने पत्र पाठवलं. घरातून जो येईल तो येईल म्हटलं." त्यांनी हेमंतची एक वही तिरपी करून खिडकीच्या उजेडात धरली. "हे बघ. या पानावर पेन्सिलीच्या दाबाच्या खुणा उमटल्यात. वरती दुसरा कागद ठेवून कोणीतरी जोरात लिहिलंय. ते वाचता येतं. ते तुझं अक्षर आहे, हेमांगी. तुझ्या भूगोलाच्या वहीतला उतारा."

त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"लिहून दाखवतेस?"

मी पेन उजव्या हातात घेतलं. मग डाव्या हातात घेतलं. माझं नाव लिहिलं. अक्षरं डावीकडे कलली, टोकदार, हेमंतची.

हेमंतच्या वह्या मी लिहीत होते. अकरा वर्षं.

पहिल्या दिवशी त्याची वही चारला कोरीच राहिली होती. आई तिच्याकडे बराच वेळ बघत बसली आणि रात्री जेवली नाही. दुसऱ्या दुपारी ती झोपली असताना मी डाव्या हाताने बे एके बे लिहिलं. उठल्यावर तिने ते पाहिलं, पानावरून हात फिरवला आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. त्यानंतर थांबायचं कसं, हे मला कळलं नाही. आणि पुढे पुढे तर ते मी लिहितेय असं मला वाटेनासं झालं. भूमितीतली जी सिद्धता मला सुटत नसे, ती डाव्या हाताला सुटायची. मला माहीत नसलेले शब्द तो हात लिहायचा. दुपारी माजघरात मी त्या दुसऱ्या चटईवर जाऊन बसायचे तेव्हा चटई गरम लागायची. उन्हाची तिरीप तिथे येत नसे.

हे सगळं मी लोबो सरांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी.

"आणि निबंध?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कागद उचलून वाचायला सुरुवात केली. "चप्पल लाल पट्ट्याची होती आणि ती हेमाची होती. ओहोळावरच्या साकवावरून येताना ती पाण्यात पडली आणि मुळाला अडकली. हेमा म्हणाली, तू काढ. मी म्हणालो, भोंगा झालाय, दोनदा झालाय. ती म्हणाली, पाणी यायला वेळ लागतो, नाहीतर आई मला मारेल. मी दप्तर तिच्याकडे दिलं आणि उतरलो."

ते थांबले. मी खाली बघत होते.

पॉवरहाऊसमधून ओहोळात पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवायचे. भोंगा झाला की पाण्यात पाय घालायचा नाही, हे वसाहतीतल्या रांगत्या पोरालाही माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी सगळे मला विचारत होते, काय झालं? मी म्हणाले, साकवावरून पाय घसरला. मग कोणीतरी विचारलं, भोंगा झाला होता का गं? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, नाही. भोंगा झालाच नाही. चौकशीला साहेबलोक आले तेव्हाही मी तेच सांगितलं. भोंगा रोजचाच, त्यामुळे त्या दिवशी झाला होता की नाही हे दुसऱ्या कोणालाच खात्रीने सांगता येईना. सात वर्षांची मुलगी खोटं कशाला बोलेल?

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये ड्युटीवर बाबा होते.

"घरी कोणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"नाही."

"अर्ज पोस्टात कोणी टाकला?"

"आईने."

"उघडून वाचला असेल?"

"निबंधाचं पाकीट मी चिकटवून दिलं होतं तिला."

 त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचत खाली आले आणि शेवटी थबकले. 'उतरलो' वर मी संपवलं होतं, मला पक्कं आठवत होतं. त्यापुढे लिहायला माझा हात धजला नव्हता. पण खाली आणखी एक ओळ होती. त्याच शाईत, त्याच कललेल्या अक्षरात.

"हेमा, मी तुझ्यावर रागावलो नाही."

"सर, ही ओळ माझी नाही."

त्यांनी कागद परत घेऊन बघितला. "अक्षर तर तेच आहे."

"मी लिहिलेली नाही ती."

खोलीत काजूच्या तेलाचा वास एकदम दाटून आल्यासारखा वाटला. माझा डावा हात टेबलावर पडला होता. तो मला माझा वाटेना. मी तो उचलून मांडीवर घेतला.

लोबो सरांनी टेबलावरचं पाणी मला दिलं. मी पिऊन होईपर्यंत ते थांबले.

"या निबंधावर मी तुला प्रवेश देतो," ते म्हणाले. "हेमांगी परब या नावाने. एकच अट आहे. घरी सांगितल्याशिवाय जूनमध्ये इथे यायचं नाही. मी फोन करून विचारणार नाही. तू आलीस म्हणजे सांगितलंस, असं मी समजेन."

परतीच्या गाडीला तास होता. फाट्यावरच्या शेडमध्ये मी आणि बाबा बसलो. धुकं आता विरळ झालं होतं. बाबांनी चहा आणला, माझ्या हातात दिला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे एक जागा सोडून.

मी सरकून त्या जागेवर बसले.

"घेतलं मला," मी म्हणाले. "माझ्या नावावर."

"बरं झालं."

"बाबा, त्या वह्या आई लिहीत नाही. मी लिहिते."

त्यांनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"आणि भोंगा झाला होता त्या दिवशी. मी ऐकला होता. माझी चप्पल पडली म्हणून मीच त्याला पाण्यात उतरवलं."

बाबा घरात आमच्याशी शुद्ध मराठीत बोलायचे, आईचा तसा आग्रह असे. त्या वेळी मात्र ते मालवणीत बोलले, अगदी हळू.

"वाजलेलो भोंगो?"

"हो."

"कितीदा?"

"दोनदा."

"दोनदाच वाजयलंय मी," ते म्हणाले. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सगळ्यांनी सांगितल्यानी झालो नाय म्हणान. मग माकाच वाटाक लागला, मी इसरलंय. अकरा वर्सां वाटता."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी मला उठवलं नाही, जवळही घेतलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. गाडी आली तरी तो तसाच होता. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली तेव्हा आम्ही उठलो.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई मागच्या पडवीत कोकमासाठी रातांब्यांच्या साली मिठाच्या रसात बुडवून सुपात पसरत होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. बाबा पुढच्या अंगणातच थांबले, नळावर पाय धूत. मी आत गेले आणि तिच्यासमोर बसले.

"सांगितलंस त्यांना?" तिने विचारलं.

मला वाटलं, ती लोबो सरांबद्दल विचारतेय. मग तिने मानेने अंगणाकडे दाखवलं.

"हो."

"काय म्हणाले?"

"दोनदाच वाजवला होता म्हणाले."

आईने एक साल सुपात ठेवली. दुसरी उचलली आणि हातात नुसतीच धरून बसली.

"तू पाकीट उघडलंस," मी म्हणाले.

"वाफेवर धरलं. तू ते चिकटवून दिलंस, तेव्हाच समजलं यात काहीतरी आहे."

"वह्या मी लिहिते, हे कधी कळलं?"

"पहिली दोन वर्षं नाही कळलं. तोच लिहितो असं वाटायचं मला, खरंच वाटायचं. मग एकदा तुझ्या डाव्या करंगळीला शाई दिसली."

"मग बोलली का नाहीस? नऊ वर्षं दोन चटया घालत राहिलीस."

"त्याच्या वहीत तू काय काय लिहायचीस, हेमा. स्वतःच्या वहीत कधी लिहिलं नाहीस तसं." तिने साल अखेर सुपात ठेवली. "एक दिवस तेही लिहिशील असं वाटायचं. काय ते मला माहीत नव्हतं. काहीतरी आहे एवढं माहीत होतं."

"वाचल्यावर तरी बाबांना सांगायचं होतंस."

"हेमंत गेला तेव्हा मी त्यांना काय काय बोलले, ते तुला माहीत नाही. कुठल्या तोंडाने सांगू? आणि ते तू सांगायचं होतंस."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. बाबा आत आले नाहीत.

"आई, शेवटची ओळ..."

"'रागावलो'मधला ग जमेना," ती म्हणाली. "तो डावीकडे फार पडायचा. चार दिवस तुम्ही दोघं बाहेर गेलात की बसायचे. सरावात चार कागद फुकट गेले."

मग तिने हात धुतले. लाल रंग पुरता गेला नाही. तिने माठातून तांब्या भरून घेतला, पदराने त्याचं बूड पुसलं आणि माझ्या बाजूने वळसा घालून पुढच्या अंगणात गेली. तिथे बाबा ओल्या पायांनी उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन थांबली आणि त्यांच्याकडे बघून तिने पाणी पुढे केलं.